कागदाच्या कडेला

दूध डेअरीच्या भिंतीवर, फॅटच्या दरपत्रकाशेजारी
चार्टपेपर चिकटवला तेव्हा सहा वाजले होते.
म्हशींचं दूध अजून यायचं होतं.
पिशवीत चार रंगांचे मार्कर,
आणि त्यांच्याच शेतांतल्या मातीच्या सव्वीस पुड्यांचे निकाल.

मी लिहिलं, पाणी. मी लिहिलं, ऊस.
मधे बाण. बाणाच्या टोकाशी अधिक.
कुणी काही बोललं नाही. एवढं तर पोरांनाही ठाऊक.

पुढं लिहिलं, भूजल. त्याच्या पुढं, क्षार.
क्षारांकडून उसाकडं बाण, टोकाशी उणे.
“उणे म्हंजे वाईट,” दस्तगीर म्हणाला.
नाही, उणे म्हणजे उलट.
हे चढलं की ते उतरतं, हे उतरलं की ते चढतं.
आणि अधिक म्हणजे चांगलं नव्हे,
अधिक म्हणजे सोबत.
बुडतानाही सोबतच.

बावीस वर्षं मी प्रयोगशाळेत आकडे लिहिते.
रजिस्टरातला आकडा रेघेवर बसतो,
पुढच्या पानावर जातो.
मागं वळून बघायची त्याला सवय नाही.

“ऊस पिवळा पडला की आमी काय करतो?”
देवगोंडानं विचारलं, आणि स्वतःच म्हणाला,
“आनि पाणी सोडतो.”
मी मार्कर त्याच्या हातात दिला.
त्यानं उसाकडून पाण्याकडं बाण ओढला, वाकडा,
नांगर वळवल्यासारखा.
ऊस कमी, पाणी जास्त. म्हणजे उणे.

आता दोन कडी झाली होती.
लहान कडं आठ दिवसांत फिरतं:
पाणी दिलं, पान हिरवं, जीव थंड.
मोठं कडं वीस वर्षं घेतं,
त्यात उणे दोन,
आणि दोन उण्यांचं अधिक होतं हे
चौथीतलं गणित
त्या संध्याकाळी पांढरं होऊन वर आलं,
बांधाकडेच्या मिठासारखं.

लहान कडं खोटं बोलत नाही.
ते फक्त लवकर बोलतं.

मोठ्या कड्याच्या बाणावर मी दोन आडव्या रेघा मारल्या.
उशीर.
“ह्ये कळालं,” आक्काताई म्हणाली, किटली खाली न ठेवता.
“माझा बा गुळव्या.
चुलवाणातला जाळ मागं वढला तरी
काहिलीतला पाक चढतच ऱ्हातो.
त्यो आदीच उतरवायचा.
बगून उतरवायला गेलं की करपला.”
एवढ्या वर्षांत
त्या दोन रेघा इतक्या नीट कुणी वाचल्या नव्हत्या.
मीही नाही.

मग हिरवा मार्कर. माझा शेवट तयार होता:
जमिनीखाली भोकांचे पाइप,
तिथून भूजलाकडं बाण, उणे.
माणसं सैलावली. कुणीतरी तंबाखू काढली.

“आनि पाइपातलं पाणी कुठं जातं?” पुन्हा दस्तगीर.
खाली, मी म्हणाले.
“खाली कोन हाय?”

माझा बाण कागदाच्या कडेपाशी थांबला होता.
कागदच तिथं संपत होता.
सगळे मागं बघायला लागले,
सुकुमार मगदूम उंबऱ्यात उभा होता तिकडं.
त्याचं रान ओढ्याला लागून.

मी कडेवरून पुढं गेले, थेट भिंतीवर.
“भिंत सोसायटीची हाय, बाई,” सेक्रेटरी म्हणाले.
म्हशीच्या दरावरून, गाईच्या दरावरून
बाण ओढ्यापर्यंत नेला आणि हात थांबला.
सुकुमार रागावला असता तर बरं झालं असतं.
तो हळूच म्हणाला,
“आपल्या स्कीमचं जॅकवेल
ओढा नदीला मिळतो त्याच्या खालीच हाय की.”

तेवढ्यात दूध आलं.
किटल्या, पावत्या, मशीनची शिट्टी.
मी शेवटची एसटी धरली.

सव्वा महिन्यानं गेले तर कागद निघालेला.
भिंतीवर उरलेला हिरवा बाण
कुठूनही न निघालेला, ओढ्यापाशी अडलेला.
पण तिथून पुढं कुणीतरी पेन्सिलनं रेघ नेली होती,
कॅलेंडरच्या खालून, स्विचबोर्डाला वळसा घालून,
कागद होता त्या मोकळ्या चौकोनापर्यंत,
जिथं मी पाणी लिहिलं होतं.
मधे दोन आडव्या रेघा, न विसरता.

टोकाशी चिन्ह मात्र नव्हतं.
खाली मळकट अंगठ्याचा डाग,
चिन्ह लिहून पुसलं असावं तसा.